स्केलसाठी उभी असलेली बाई

वल्लरीच्या फोनमध्ये चैतालीचे जितके फोटो होते, त्याहून जास्त उसाच्या रानाच्या एका तुकड्याचे होते. ही गोष्ट तिने कुणाला सांगितलेली नव्हती. आईच्या फोनमध्ये बाळापेक्षा ऊस जास्त, हे ऐकायला बरं वाटत नाही.

मांजरीतल्या त्या नव्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर, राहायला येऊन तिला वर्ष होत आलं होतं. बाल्कनीच्या कठड्याचा एक स्क्रू जरा वर आलेला होता. रोज सकाळी चैतालीला पाजून झालं की वल्लरी त्या स्क्रूला फोनची कड टेकवायची, खालची पाण्याची टाकी चौकटीच्या कोपऱ्यात घ्यायची आणि एकच फोटो काढायची. एकेक पाहिला तर त्यात काहीच नाही. पण सगळे भराभर बोटाने सरकवले की ऊस मागे मागे जाताना दिसायचा आणि निळ्या पत्र्याचं कुंपण पुढे यायचं, जसं भरतीचं पाणी यावं तसं.

उसाच्या कडेला, सोसायटीच्या मागच्या गेटाबाहेर, एक मोठा दगड होता. त्यावर एक म्हातारी येऊन बसायची. कधी शेळी बरोबर असायची, कधी नुसतीच. ती फ्रेममध्ये असली की वल्लरीला बरं वाटायचं. म्हातारीची काही ओळख होती म्हणून नव्हे. स्केल मिळायचं म्हणून.

हे शिक्षण सुहासिनी मॅडमचं. एम.ए. भूगोलाच्या वर्गाला मॅडम फोटो काढायला शिकवायच्या, आणि पहिल्याच तासाला सांगायच्या, "कॅलेंडरवाले सुंदर जागा शोधतात. आपण जागा शोधतो. ती सुंदर निघाली तर आपला नाइलाज आहे." दुसरा नियम असा की फोटोत माप देणारं काहीतरी हवंच. खडकाशेजारी पेन, दरडीशेजारी छत्री, मोकळ्या रानात माणूस. त्यालाच त्या स्केल म्हणायच्या. "माणूस उभा करा, पण हसायला सांगू नका. तो तिथे मापासाठी आहे, लग्नासाठी नाही." वर्ग हसायचा. वल्लरीही हसायची, आणि वहीत लिहून घ्यायची.

आता मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि एक पुस्तक करत होत्या. त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या आसपास काढलेले फोटो, आणि शेजारी त्याच जागेवर उभं राहून, त्याच महिन्यात, त्याच वेळेला आज काढलेले फोटो. अशा जोड्या. जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी जागा वाटून दिल्या होत्या. वल्लरीच्या वाट्याला बऱ्याच आल्या होत्या, पण मधे चैताली आली. विश्रांतवाडीची जागा गेली, नदीकाठच्या गेल्या, टेकडीवरच्या तर गेल्याच. सगळ्या केदारकडे. केदार तिच्याच वर्गातला, आता कॉलेजात शिकवत होता आणि मॅडमच्या शब्दाबाहेर नव्हता.

"मांजरीची तेवढी माझ्याकडे राहू दे, मॅडम," वल्लरी म्हणाली होती.

"तुमचं बाळ लहान आहे. जमेल?"

"घरापासून चालत आहे."

तेवढी एक राहिली. पुस्तकात तिचं नाव येणारं तेवढं एकच पान. कॉलेज सुटलं, सर्व्हेची नोकरी सुटली, पीएच.डी.चा अर्ज भरायचा राहिला. आता या एका फोटोखाली नाव आलं तर आपण अजून भूगोलाचं माणूस आहोत, आणि नाही आलं तर नाही, असं काहीतरी तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. मन असं काही ठरवताना विचारत नाही.

जुना फोटो मॅडमनी स्कॅन करून पाठवला होता. स्लाइडवरचा. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा तुकडा, उजेडासमोर धरला की चित्र दिसतं. चौकटीवर मॅडमच्या बारीक अक्षरात नोंद होती: मांजरी, मार्च, सकाळ, दक्षिणेकडे. फोटोत पुढे पाण्याचा पाट, पलीकडे ऊस, उसाच्या कडेला कडेवर मूल घेतलेली एक बाई, लांब कुठल्याशा देवळाचं पांढरं शिखर, एक दगडी पूल आणि त्यांच्याही मागे डोंगरांची रांग. नोंदीच्या शेवटी मॅडमनी लिहिलं होतं, स्केल: स्थानिक स्त्री.

अशी जागा शोधायची एक रीत आहे. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू फोटोत बरोबर एकाखाली एक दिसत असेल, तर फोटो काढणारा त्या दोघींना जोडणाऱ्या रेषेवरच कुठेतरी उभा असतो. अशा दोन रेषा मिळाल्या की त्या जिथे एकमेकींना कापतात, तिथे आपले पाय ठेवायचे. वल्लरीला हे काम झोपेतही जमलं असतं, झोप मिळत असती तर.

पण डोंगर जुळेनात. दक्षिणेची ती रांग तिला पाठ होती. समोरच्या टॉवरांच्या फटींतून ती तुकड्या-तुकड्यांनी रोज दिसायची. आधी डावीकडे सुळका, मग सपाट माथा, मग उजवीकडे दिवे घाटाची खिंड. फोटोत खिंड डावीकडे होती आणि सुळका उजवीकडे. सावल्याही अशाच. सकाळचा फोटो आणि बाईची सावली डावीकडे पडलेली. सकाळी सावली पश्चिमेला पडते. ती डाव्या हाताला पडायची तर तोंड उत्तरेकडे हवं. उत्तरेकडे तोंड करून हेच डोंगर कुठून दिसतील? घाटाच्या पलीकडून. सासवडच्या बाजूने.

मॅडमची नोंद चुकली असणार. वल्लरीने हा निष्कर्ष तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा तिला जरा आनंद झाला.

तिचा नवरा केयूर सोमवार ते शनिवार हैदराबादला असायचा. त्याच्या रविवारी ती दोघं चैतालीला गाडीत घालून घाट चढून गेली. वळणावळणावर चैताली ओकली. पलीकडे उतरल्यावर ऊन असं की गाडीच्या पत्र्यावर हात ठेववेना. वल्लरी रस्त्याच्या कडेला फोन समोर धरून डोंगराशी ताडून पाहत राहिली. इकडून डोंगर बुटके दिसत होते, जमिनीत अर्धे पुरल्यासारखे. खिंड डावीकडे होती खरी, पण बाकी काहीच नव्हतं.

"सापडलं?" केयूरने काच खाली करून विचारलं.

"थोडं पुढे जाऊन बघू."

"वल्लू, डोंगर आहेत ते. कुठल्याही बाजूने काढ ना. कोण बघणारे?"

"मॅडम बघतील."

"आणि चैतूला कोण बघणार? तिचं अंग बघ किती तापलंय."

अंग उन्हाने तापलं होतं, ताप नव्हता. तरी परत येईपर्यंत वल्लरीने तिच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला की शेवटी चैतालीनेच तो ढकलून दिला.

सोमवारी केयूर गेल्यावर तिने मॅडमना फोन केला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. त्या मांजरीच्या स्लाइडवरची नोंद... म्हणजे जागा लिहिताना काही चुकलं असेल का?"

पलीकडचा कपबशीचा आवाज थांबला. "म्हणजे कसं?"

"डोंगरांचा क्रम उलटा येतोय. आणि सावली पण. तो फोटो घाटाच्या पलीकडून काढलेला वाटतोय. सासवडच्या अंगाने."

"अस्सं. म्हणजे मी सासवडला उभी होते आणि मला वाटत होतं की मांजरीला आहे."

"तसं नाही, मॅडम..."

"बरं झालं सांगितलंत. निवृत्तीनंतर का होईना, कळलं." मग, आवाज न बदलता, "हे बघा वल्लरी, मार्च संपत आला. सूर्य काही तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि छापखानाही. रविवारपर्यंत वाट बघते. नाहीतर केदार जाऊन येईल. त्याच्याकडे गाडी आहे, आणि कडेवर कोणी नाही."

मॅडम वाईट बोलल्या नव्हत्या. वस्तुस्थिती बोलल्या होत्या. फोन ठेवल्यावर वल्लरी बराच वेळ चैतालीकडे बघत बसली. चैताली चादरीचा कोपरा चोखत होती. तो सोडवून घ्यायला हवा होता, दोरा निघाला असता तर घशात गेला असता. वल्लरीने तो सोडवून घेतला.

असे दिवस होते. सकाळी कामाची बाई येऊन जायची, ती कानात फोनची बोंडं घालून गावाकडे बोलत भांडी घासायची. मग दार लागलं की लागलं. लिफ्टमध्ये लोक भेटायचे, पण ते आपापल्या फोनमध्ये किंवा लिफ्टच्या आरशात बघायचे. सोसायटीच्या ग्रुपवर वल्लरीला साडेचारशे माणसं ओळखत होती आणि त्यांतल्या एकाच्याही हातात दोन मिनिटं बाळ देता आलं नसतं. आई बिबवेवाडीला, नकाशावर जवळ, आणि हडपसरच्या ट्रॅफिकमधून परगाव. शिवाय तिचे गुडघे. तीन पाळणाघरं वल्लरी बघून आली होती. एकात खिडकीला जाळी नव्हती, एकात जाळीला गंज होता, आणि तिसऱ्यात सगळं ठीक होतं, म्हणूनच तिला संशय आला.

गुरुवारी संध्याकाळी केयूरचा व्हिडिओ कॉल आला. वल्लरी चैतालीला कडेवर घेऊन एका हाताने वरण ढवळत होती. फोन डब्याला टेकवून ठेवलेला. केयूर ऑफिसातल्या कुणाच्या तरी बढतीबद्दल सांगत होता. वल्लरी हं हं करत होती आणि सगळ्यांप्रमाणे, समोरच्याकडे न बघता कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःकडे बघत होती. किती दिवसांनी ती स्वतःला अशी पूर्ण दिसली, बाळासकट. केस विंचरायला हवे होते.

आणि काहीतरी खटकलं.

त्या चौकटीतल्या बाईने बाळ उजव्या कडेवर घेतलं होतं. डाव्या हाताने वरणातला डाव चालवत होती.

वल्लरीने खाली पाहिलं. चैताली डाव्या कडेवर होती, नेहमीसारखी. उजवा हात कामाला मोकळा. समोरचा कॅमेरा आपल्याला आरशासारखं उलटं दाखवतो, यात नवीन ते काय? पण अशी बाई तिने अगदी अलीकडे कुठेतरी पाहिली होती.

"...ऐकतेयस का?" केयूर म्हणाला.

"ठेवते मी. वरण लागतंय."

वरण लागत नव्हतं. तिने गॅस बंद केला, जमिनीवर बसली, चैतालीला मांडीत घेतलं आणि मॅडमचा फोटो उघडला. या फोटोत तिने खिंड पाहिली होती, सुळका पाहिला होता, शिखर, पाट, उसाची उंची, सावलीचा कोन, सगळं पाहिलं होतं. त्या बाईकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नव्हतं. बाईची उंची फक्त घेतली होती, डोळ्यांनी, टेपने घ्यावी तशी.

आता तिने दोन बोटांनी बाईला मोठं केलं. मूल उजव्या कडेवर. विळा डाव्या हातात. डावखुरी असेल, वल्लरी स्वतःशी म्हणाली, असतात की डावखुऱ्या बायका. मग तिने लुगड्याकडे पाहिलं. पदर उजव्या खांद्यावर होता.

डावखुरी असो की उजवी, इकडची कुठली बाई लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावर घेते?

स्लाइड उलटी होती. फिल्मच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी आरपार दिसतं. केव्हातरी पुठ्ठ्याची चौकट उसवली असेल, कुणीतरी ती नव्याने बसवताना तुकडा फिरला असेल. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. नोंद बरोबर होती. मांजरीच होती. वल्लरीने फोनवर चित्र आडवं पलटवलं. मूल डाव्या कडेवर आलं, पदर जागेवर आला, आणि मागे सुळका, सपाट माथा, खिंड असे डोंगर शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले.

"चैतू, अगं सापडलं," ती म्हणाली. चैतालीने तिचा अंगठा चावला. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

खिंडीखालचं शिखर मग गावातल्याच देवळाचं निघालं. आता त्याला भगवा रंग दिला होता. सुळक्याखाली कालव्यावरचा दगडी पूल. तिने फोनच्या नकाशावर दोन रेषा ओढल्या. त्या कापल्या सोसायटीच्या मागच्या गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेला. आणि ती बाई जिथे उभी होती ती जागा आली त्याच्या थोडी पुढे, उसाच्या तुकड्याला लागून. दगडापाशी. जो वल्लरी वर्षभर वरून बघत आली होती, त्या दगडापाशी.

शुक्रवारी सकाळी ती कॅमेरा, तिपाई आणि बाबागाडीत चैतालीला घेऊन खाली उतरली. मागच्या गेटाने ती कधीच बाहेर पडली नव्हती. वॉचमनने तिपाईकडे बघून "शूटिंग का?" असं विचारलं आणि उत्तर न ऐकता पुन्हा फोनमध्ये गेला.

जागेवर उभी राहिली तेव्हा समोर दोन टॉवर होते. बस्स. दुसऱ्या जोड्यांत केदारने पाठवलेल्या फोटोंत निदान पूल होते, झाडं होती. इथे काच, पत्रा आणि वाळत घातलेले कपडे. देऊळ नाही, रांग नाही. वल्लरी एक पाऊल डावीकडे सरकली, अर्धं मागे आली, आणि दोन टॉवरांमधल्या फटीत, बोटभर रुंदीची, खिंड दिसली. तेवढीच. खिंडीच्या खाली, भगव्या रंगाचा एक ठिपका. ती हलली नाही. जणू हलली तर तेही जाईल.

तिपाई लावली. आता स्केल. जुन्या फोटोत माणूस आहे, तर नव्यातही तिथेच माणूस हवा, नाहीतर जोडी होत नाही. आणि इथे वल्लरीचं गाडं अडलं. स्वतः जाऊन उभं राहायचं तर टायमर लावून, बाळ घेऊन, रस्ता ओलांडून पळत जायचं. रस्त्यावरून पाण्याचे टँकर जात होते. ती पळतेय, पाय मुरगळतोय, टँकर येतोय, हे सगळं तिला इतकं स्पष्ट दिसलं की जणू झालंच. बाबागाडी ठेवावी? बाबागाडी म्हणजे माणूस नव्हे. वॉचमन जागा सोडणार नाही. फोनमध्ये साडेचारशे लोकांचा ग्रुप होता. तिने तो उघडला, 'कोणी दोन मिनिटं मागच्या गेटाला' इथपर्यंत लिहिलं आणि पुसलं.

दगडावर म्हातारी बसली होती. आज शेळी होती.

जवळून ती म्हातारी मोठी होती. वरून दिसायची त्याच्या मानाने चांगली थोराड. हिरवं लुगडं, नाकात मुरणी, पायात पुरुषी चपला. वल्लरी चैतालीला कडेवर घेऊन, रस्ता ओलांडून तिच्यापाशी गेली.

"तू ती वरची न्हवं?" म्हातारीच बोलली. "सकाळची कठड्याला उभी ऱ्हातीस ती?"

"तुम्हाला दिसते मी?"

"दिसतीस की. रोज हिकडंच बघतीस. मला वाटायचं, हिचं माणूस ह्या वाटंनं यायचं असंल. बिचारी वाट बघती."

"नाही, मी फोटो काढते. उसाचे."

"उसाचं?" म्हातारीने मागे वळून त्या तुकड्याकडे पाहिलं, तो कधी पाहिलाच नसावा तसा. "त्यात काय हाय फोटो काढण्यासारखं? पोरगं म्हनतं पुढच्या साली हेबी बिल्डरला द्यायचं. काढ बाई, काढ."

तिचं नाव सरुबाई. सोसायटी उभी राहिली ती तिच्या दिराच्या आणि तिच्या रानात. त्या बदल्यात घर मिळालं होतं, याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. "घर झ्याक हाय," ती म्हणाली, "पर बसायचं कुटं त्यात?"

वल्लरीने मग सांगितलं. जुना फोटो, तीच जागा, बाई, मूल. सरुबाईने फोन हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"कोन ही?"

"तेच माहीत नाही. तुम्ही ओळखता?"

"न्हाई बा. आमच्यातली न्हाई. तोडीला आल्याली असंल कुनी. मोसम सपला की जातात ती." तिने फोन परत दिला. "मग मी काय करू?"

"इथे उभं राहायचं. दोन मिनिटं. आणि..." वल्लरी थांबली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. हात धुतलेत का, हे कसं विचारणार? शेळीला हात लावलेला आहे. शेळी आता तिपाईकडे बघतेय. टँकर. ऊन. अनोळखी माणूस.

सरुबाई उठली, शेळीची दोरी दगडाला अडकवली, तळहात लुगड्याला पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. "आन हिकडं."

चैताली गेली. वल्लरीला वाटलं होतं ती रडेल, अंग टाकून देईल, गळ्याला मिठी मारेल. ती गेली आणि मुरणीला बोट लावायला बघू लागली. सरुबाईने तिला न बघताच डाव्या कडेवर घेतलं.

"हातात काय धरू? तिच्या हातात इळा हाय."

"काही नको. असू दे."

"मोकळा हात बरा दिसत न्हाई," असं म्हणून तिने कनवटीची किल्ली काढून हातात धरली.

वल्लरी रस्ता ओलांडून परत कॅमेऱ्याकडे आली. येताना दोनदा मागे पाहिलं. कॅमेऱ्याला डोळा लावला तेव्हा चौकटीच्या मधे त्या दोघी होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या. इतक्या लांबून चैतालीचं तोंड कळत नव्हतं. ती हसतेय की रडतेय, दोरा गिळतेय की काय करतेय, काही कळत नव्हतं. नुसतं एक मूल होतं, कुणाच्या तरी कडेवर. वर्षभरात वल्लरी तिच्यापासून इतकी लांब कधी गेली नव्हती. आंघोळीलाही दार उघडं ठेवून गेली होती.

तिचे हात रिकामे होते. रिकामे हात इतके हलके असतात हे ती विसरली होती. तिने श्वास सोडून दिला, मॅडमनी शिकवलं होतं तसा, आणि बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मधे एक टँकर गेला. तो जाईपर्यंत समोर नुसता लोखंडाचा पिवळा पत्रा होता, आणि तो संपल्यावर त्या दोघी जिथल्या तिथे होत्या. सरुबाई हसत नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

चैतालीला परत घेताना वल्लरीने विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला? अंगठा बिंगठा मागतीस का काय?"

"फोटोखाली लिहायला."

"सरुबाई गेनबा घुले." मग शेळीची दोरी सोडवता सोडवता, "गेनबा न्हाईत आता. पर नाव हाय."

वल्लरीने फोटो त्याच दुपारी पाठवला. सोबत जुना, पलटवलेला. तिने फक्त एवढंच लिहिलं की स्लाइड चौकटीत उलटी बसली असावी, पदरावरून लक्षात आलं. फोटोखाली लिहिलं, स्केल: सरुबाई गेनबा घुले आणि चैताली.

मॅडमचा फोन आला नाही. संध्याकाळी मेसेज आला. 'फ्रेम अचूक आहे. पान तुमच्या नावाने लावते. ती स्लाइड मीच नव्या चौकटीत बसवली होती, तेव्हा नोंद माझी बरोबर आणि हात माझा चुकला, असं धरून चालू.' वल्लरीने ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मॅडमकडून याहून जास्त कुणाला मिळाल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. खाली आणखी एक मेसेज होता. 'एकच अडचण. एका फोटोखाली नाव आणि दुसऱ्याखाली नाही, हे जोडीला बरं दिसत नाही. एक तर दोन्हीकडे हवं, नाहीतर दोन्हीकडून काढावं लागेल.'

'त्या जुन्या फोटोतल्या बाईचं नाव काय होतं, मॅडम?'

मॅडमचं उत्तर आलं. 'विचारलं नसेल. स्केल होती ती.'

चैताली शेजारी पालथी झोपली होती. वल्लरीने तिच्या पाठीवर हात ठेवला, पाठ वर-खाली होतेय ना बघितलं आणि दुसऱ्या हाताने लिहिलं, 'मग तसंच लिहू या. नाव विचारले नाही.'

दोन निळ्या खुणा आल्या. मॅडम काहीतरी लिहीत होत्या, मग थांबल्या, मग पुन्हा लिहीत होत्या. शेवटी एकच शब्द आला. 'ठीक.'

तिने केयूरला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला, आणि थोड्या वेळाने, 'चैतू कोणाकडे आहे? ही बाई कोण?' वल्लरीने 'शेजारी' असं लिहिलं. लिहिलेला शब्द तिला नवीन कपड्यासारखा वाटला, घालून बघितलेला, अजून अंगाला न बसलेला.

शनिवारी सकाळी ती नेहमीच्या वेळी बाल्कनीत गेली. स्क्रूला फोन टेकवला. टाकी कोपऱ्यात घेतली. दगडावर कुणी नव्हतं. ती थांबली. ऊन चढलं, फोटोची वेळ टळली, तरी कुणी आलं नाही. पाडव्याला लेकीकडे जायचं म्हणाली होती, वल्लरीला आठवलं. किंवा ते वल्लरीनेच आत्ता ठरवलं.

फोटो न काढताच तिने चैतालीला उचललं आणि खाली गेली. मागच्या गेटाने, टँकर जाऊ देऊन, रस्ता ओलांडून. दगड जरासा तापला होता. त्यावर बसून तिने चैतालीला डाव्या कडेवरून मांडीवर घेतलं आणि वर पाहिलं.

आपलं घर तिने इथून कधी पाहिलं नव्हतं. एकसारखे मजले, एकसारखे कठडे, एकसारख्या काचा. तिने खालून मजले मोजले, चुकले, पुन्हा मोजले. मग एका कठड्यावर वाळत घातलेलं पिवळं दुपटं दिसलं, नखाएवढं, आणि ते चैतालीचं होतं. म्हणजे स्क्रू तिथेच कुठेतरी. तिथे ती रोज उभी राहायची.

इतक्या लांबून माणूस दिसतं का? दिसलं तरी ते वाट बघतंय हे कळतं का? वल्लरी डोळे बारीक करून बघत राहिली. पण ते ठरवायला तिथे कुणीतरी उभं असायला हवं होतं.